कमरेइतका समुद्र

माणसाला साठ वर्षं पूर्ण झाली की त्याला काय भेट द्यायची, याचे पुण्यात काही संकेत आहेत. शाल द्यावी, थर्मास द्यावा, रक्तदाब मोजायचं यंत्र द्यावं. मुलगा आयटीत असेल आणि त्याचा हात सैल असेल तर पाय वर घेऊन बसता येईल अशी खुर्ची द्यावी. थोडक्यात, 'आता तुम्ही फार हलू नका' एवढं सुचवणारी कुठलीही वस्तू चालते. सीतारामराव खोब्रागडे खुर्चीची आशा धरून होते. ती बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी ठेवायची हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि चिरंजीवांनी त्यांच्या हातात जे पाकीट ठेवलं, त्यात समुद्राच्या तळाशी जाण्याची सोय केलेली होती.

"स्कूबा डायव्हिंग, बाबा! थायलंडला!" अभय म्हणाला. "तुम्ही आणि मी पाण्याखाली. आई बोटीतून बघेल."

"मी काय बघू?" शालनताईंनी विचारलं. "तुम्ही दोघं तर खाली."

अशा वेळी समंजस माणूस 'बघू पुढं' म्हणतो. पण समोर हिंदुराव जगदाळे बसले होते. हे सीतारामरावांच्या कर्वेनगरातल्या सोसायटीचे सेक्रेटरी. आले होते गच्चीवरच्या टाकीच्या गळतीबद्दल बोलायला, आणि बोलणं संपून त्यांचा केकचा दुसरा तुकडा चालू होता. सेक्रेटरीसमोर मुलाच्या भेटीला नाकं मुरडायची कशी? सीतारामराव म्हणाले, "अरे वा!" पुढचं सगळं रामायण या दोन शब्दांमुळे घडलं.

आता एक गोष्ट वाचकांना सांगून टाकलेली बरी. सीतारामरावांना पोहता येत नव्हतं. पोहता येत नव्हतं हे तर सौम्य झालं. पाणी नुसतं खोल दिसलं तरी ते दोन पावलं मागे सरायचे. ही बातमी पृथ्वीतलावर फक्त शालनताईंना ठाऊक होती आणि त्यांनी ती एकतीस वर्षं राखली होती. भंडाऱ्याकडच्या ज्या गावात सीतारामराव जन्मले, तिथे पोहण्याजोगी विहीर होती. पण ती त्यांच्या वस्तीसाठी नव्हती. बाकीची पोरं तिच्यात उड्या मारायची आणि हे लांब बाभळीखाली बसून नुसते आवाज ऐकायचे. पुढे धम्मदीक्षा झाली, शिक्षण झालं, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी लागली, वसाहतीत क्वार्टर मिळालं. त्या वसाहतीत पोहायचा तलाव होता, आणि तो सगळ्यांसाठी होता. अभय पहिलीत गेल्याबरोबर सीतारामराव त्याला तिथे घेऊन गेले. पाणी पाहून आपलं पोर मागं सरणार नाही, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं. स्वतः काठावर उभे राहून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "मार उडी! घाबरतोस काय? मी आहे ना!"

अभयनं उडी मारली. तो पोहायला शिकला, कॉलेजच्या संघात गेला, दोन ढाली घेऊन आला, आणि जो भेटेल त्याला सांगत सुटला की मला माझ्या वडिलांनी पोहायला शिकवलं. हे खोटं नव्हतं. काठावरून शिकवलं, एवढाच तपशील राहून गेला होता. मुलगा आपल्याला पट्टीचा पोहणारा समजतो, हे सीतारामरावांना कळलं तोवर खुलासा करायची वेळ टळून गेली होती. आणि खरं सांगायचं तर, खुलासा करावासाही वाटत नव्हता. कारखान्यात त्यांना बढत्या उशिरा मिळाल्या, दोन वेळा डावललंही गेलं. पण घरी एक माणूस होता ज्याच्या लेखी आपले वडील कशालाच भीत नव्हते. ती एवढी एक पदवी जपण्यासाठी सीतारामराव समुद्राच्या तळाशी निघाले होते.

बातमी सोसायटीत पसरायला केकचा तिसरा तुकडा संपण्याइतका वेळ लागला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या विमलाबाई वर आल्या. विमलाबाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे त्यांना न येणारा विषय नव्हता.

"कानात कापूस घाला, खोब्रागडे. तेलात भिजवून. पाण्याखाली कानाला दडे बसतात."

"तुम्ही गेला होतात का कधी?"

"मी कशाला जाऊ? मला काय कमी आहे इथे?"

त्यांच्यामागून सल्ल्यांची रांगच लागली. कुणी सांगितलं, बोट लागू नये म्हणून बेंबीत हिंग भरा. कुणी सांगितलं, मोठा मासा समोर आला तर त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचा मेहुणा मस्कतला होता. तेवढ्या बळावर त्यांनी समुद्र या विषयावर पाऊण तास घेतला आणि निघताना चहा थोडा गोड झाल्याचं सांगितलं.

सीतारामरावांनी मात्र गुपचूप तयारी चालवली होती. ते पहिल्यांदा महापालिकेच्या तलावावर गेले. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पोहता येतं?"

"येत नाही, म्हणून तर आलो."

"ज्येष्ठांच्या बॅचला पोहता येणं सक्तीचं आहे."

"मग शिकायचं कुठे?"

"शिकाऊ बॅच उन्हाळ्याच्या सुट्टीत. पहिली ते चौथी."

"पहिली ते चौथी म्हणजे?"

"इयत्ता," असं म्हणून बाईंनी खिडकी लावून घेतली.

तलाव गेला तेव्हा बादली उरली. रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून सीतारामराव बादलीत तोंड बुडवायचे आणि श्वास धरायचा सराव करायचे. श्वास काही धरला जायचा नाही, बुडबुडे मात्र भरपूर यायचे. खाली विमलाबाईंना आपल्या न्हाणीघरात चमत्कारिक गुडगुड ऐकू येऊ लागली. त्यांनी प्लंबर बोलावला. प्लंबरनं नळ उघडला, मग जोड उघडला, मग तो जोड कुठला हे विसरला, आणि दोन मजल्यांचं पाणी दिवसभर बंद पडलं. हिंदुरावांनी 'पाइपमध्ये शिरलेली हवा' या विषयावर तातडीची सभा बोलावली. संपूर्ण पाइप तपासण्याचा ठराव आला. ठरावाला अनुमोदन सीतारामरावांनी दिलं. जबाबदार सभासद म्हणून ते त्यांचं कर्तव्यच होतं. त्या दिवसापासून त्यांनी बादलीचा सराव थांबवला आणि पाइपातली हवाही आपोआप गेली. विमलाबाई आजही त्या प्लंबरचं कौतुक करतात.

पासपोर्टवर त्यांची थोडी भिस्त होती. सरकारी काम आहे, अडेल कुठेतरी. चौकशीला त्यांना पोलीस चौकीत बोलावणं आलं.

"कशासाठी चाललात परदेशी?" हवालदारांनी विचारलं.

"समुद्राच्या तळाशी जायचंय."

हवालदारांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग पासपोर्ट कशाला? तिथे कोण बघतंय?"

सीतारामरावांना हा मुद्दा पटला. ते आनंदानं उठतच होते, तोवर हवालदारांनी सही करून शिक्काही मारला. सरकारी यंत्रणा आयुष्यभर त्यांच्या वाट्याला संथपणे आली आणि नेमकी त्याच वेळी कार्यक्षम निघाली.

शेवटचा आधार डॉक्टरांचा. डायव्हिंगसाठी प्रकृतीचा दाखला लागणार होता. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब बघितला आणि खूष होऊन म्हणाले, "उत्तम! सगळं उत्तम!"

"नीट बघा डॉक्टर. फुप्फुसं? मी कारखान्यात होतो."

"फुप्फुसं तर तरुणाला लाजवतील."

"एखादा कान?"

"दोन्ही कान उत्तम आहेत, खोब्रागडे साहेब. काही काळजी करू नका."

प्रकृती चांगली असल्याबद्दल इतकं वाईट वाटलेला दुसरा माणूस त्या दवाखान्यानं पाहिला नसेल.

आणि मग सत्कार आला. हिंदुरावांकडे प्रजासत्ताक दिनाची एक शाल शिल्लक होती, कारण त्या दिवशीचे पाहुणे आलेच नव्हते. सत्कार जाण्याआधी करावा की परत आल्यावर, यावर कार्यकारिणीत चर्चा झाली. "आधीच उरका," विमलाबाई म्हणाल्या. "समुद्राचं कुणी सांगावं?" त्यामुळे शाल आणि नारळ आगाऊ देण्यात आले. परत आल्यानंतरच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सीतारामरावांचं 'समुद्राच्या तळाशी' या विषयावर अनुभवकथनही ठरलं, कारण पुढच्या सगळ्या रविवारी हॉल योगवर्गाला दिलेला होता. फळ्यावर सूचना लागली: 'आपले सभासद श्री. खोब्रागडे समुद्राच्या तळाशी जात आहेत. त्यांचे अभिनंदन.' तिच्याखाली जुनीच सूचना होती: 'पाणी जपून वापरा.'

आता मागे फिरायचे सगळे रस्ते बंद झाले. तळ न पाहताच शाल अंगावर पडलेला माणूस जाणार कुठे?

थायलंडला पोहोचल्यावर पहिल्या दिवशी मात्र सीतारामराव सगळं विसरले. जिकडे बघावं तिकडे बुद्धमूर्ती. चौकात बुद्ध, दुकानाच्या कोपऱ्यात बुद्ध, टॅक्सीच्या आरशाखालीही बुद्ध. शालनताई एका विहारात गेल्या त्या तासभर उठेनात. त्रिशरण म्हणताना त्यांच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी तेच शब्द आपल्या चालीत म्हटले, तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींचे डोळे भरले. "आपण एवढ्या लांब आलोच नाही असं वाटतंय," त्या म्हणाल्या. सीतारामरावांनीही डोळे मिटून हात जोडले. दुसरा कुणी असता तर उद्याच्या संकटासाठी नवस बोलला असता. पण त्यांच्या घरात नवसाची पद्धत नव्हती. तथागतांनी सांगून ठेवलंय की स्वतःचा दीप स्वतः व्हा, आणि ऐन वेळी ही शिकवण फार कडक वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं 'किंग लॉबस्टर अंडरवॉटर टूर्स'च्या धक्क्यावर हजर झाले. अभयनं महिनाभर इंटरनेट धुंडाळून ही कंपनी निवडली होती. तिच्या माहितीपत्रकावर दुमजली पांढरी बोट होती, कासव होतं, आणि हसणारे प्रशिक्षक होते. धक्क्यावर ती पांढरी बोट खरोखरच उभी होती. तिघं तिच्यात चढू लागले तेव्हा समजलं, ती शेजारच्या कंपनीची. किंग लॉबस्टरची बोट तिच्या पलीकडे होती. आदल्या दिवसापर्यंत ती मासळी वाहत असावी, असं तिच्या वासावरून वाटत होतं. कासवही होतं. ते तिकीटघराच्या भिंतीवर रंगवलेलं होतं.

"नो प्रॉब्लेम, पापा!" कंपनीचा मालक टोपी काढून म्हणाला. त्याला एवढंच इंग्रजी येत असावं, आणि त्याच्या धंद्याला तेवढं पुरत होतं.

सीतारामरावांना पोशाख देण्यात आला. काळा, रबरी, आणि अंगाला असा चिकटणारा की आत शिरायला अर्धा तास लागला. चेन पुढे घ्यायची की मागे, यावर मतभेद झाले. शेवटी ती पुढे घेतली आणि ती चूक निघाली. शालनताईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "भरल्या वांग्यासारखे दिसता," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून पलीकडे वळल्या. सीतारामरावांनी या शेऱ्याची दखल घेतली नाही. फाशी जाणाऱ्या माणसाला कपड्याचं काय?

बोट निघायला उशीर झाला, कारण प्रशिक्षक यायचे होते. बऱ्याच वेळानं कळलं की प्रशिक्षक येणार नाहीत. त्यांच्या बहिणीचं लग्न होतं. सीतारामरावांनी कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं हजेरी घेतली होती. सातासमुद्रापलीकडेही गैरहजेरीचं कारण तेच निघालेलं पाहून त्यांना प्रथमच थोडं बरं वाटलं.

आणि मग एकेक शुभवार्ता येत गेली. 'इंडियन लंच' म्हणून पांढरा भात आणि टोमॅटो सॉस आला. शालनताईंनी पिशवीतून चिवडा आणि शंकरपाळे काढले, आणि बोटीवरच्या एका जर्मन जोडप्यानं त्यांच्यासमोर हात जोडले. जेवण उरकतंय तोवर बोट थांबली. किनारा अजून दगड मारण्याच्या अंतरावर होता. टोपीवाल्यानं इंजिनाला लाथ घातली, मग त्याच्याशी गोड बोलून पाहिलं, मग टाकीत वाकून बघितलं. डिझेल नव्हतं. सीतारामरावांचा चेहरा उजळला. पाठोपाठ हवेची नळकांडी उघडली, तर त्यातली निम्म्याहून अधिक रिकामी. सीतारामरावांनी एक शंकरपाळी तोंडात टाकली. किती दिवसांनी त्यांना चव लागत होती!

अभय मात्र लाल झाला होता. "ही सरळ फसवणूक आहे! मी यांना सोडणार नाही. ईमेल करतो, वेबसाइटवर लिहितो, ग्राहक मंचात जातो!"

"नो प्रॉब्लेम," टोपीवाला म्हणाला.

"जाऊ दे रे," सीतारामराव समजूत घालत म्हणाले. "समुद्र आहे. समुद्रापुढे त्यांचा तरी काय इलाज?"

"बाबा, डिझेल संपलंय! समुद्राचा काय संबंध?"

"होतं माणसाकडून. लग्नघर आहे त्यांचं."

लोकांनी वल्ही मारत बोट परत किनाऱ्याला लावली. टोपीवाल्यानं भरपाई म्हणून नवा कार्यक्रम जाहीर केला. सगळ्यांनी तोंडाला काच आणि नळी लावायची, किनाऱ्यालगत कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, आणि वाकून बघायचं. याला तो हातवारे करून स्कूबा म्हणाला. शिवाय प्रत्येकाला एक टी-शर्ट फुकट, त्याच्यावर इंग्रजीत 'मी तळाला हात लावला' असं छापलेलं. जर्मन जोडपं जर्मन भाषेत बोलायला लागलं. ते काय म्हणत होते हे कुणाला समजलं नाही, पण सगळ्यांना पटलं.

सीतारामराव वाळूत बसले आणि त्यांनी सुटकेचा असा काही श्वास सोडला की त्या चुकीच्या चेनचे दोन दात निसटले. मनातल्या मनात ते किंग लॉबस्टर कंपनीचे आभार मानत होते. बोटीचे, डिझेलचे, प्रशिक्षकाच्या बहिणीचे आणि तिच्या नवऱ्याचेही. आपली पदवी शाबूत राहिली. आपण घाबरलो म्हणून काही अडलं नाही, कंपनी वाईट निघाली. आता घरी जाऊन ग्राहक मंचात हवी तेवढी साक्ष द्यायची त्यांची तयारी होती.

अभय त्यांच्याशेजारी येऊन बसला. मग तो एकदम हसायला लागला.

"बाबा, तुम्हाला आनंद झालाय."

"छे! मला? एवढी तयारी केली मी..."

"तुम्हाला पोहता येत नाही, हे मला माहितीये."

सीतारामरावांनी झटकन शालनताईंकडे पाहिलं. त्या लांब उभ्या राहून कॅमेऱ्याचं झाकण कुठून उघडतं ते शोधत होत्या. "तिनं सांगितलं?"

"नाही हो. मला पहिल्या दिवसापासून माहितीये. खडकीच्या तलावावर तुम्ही काठावर उभे होतात ना, तेव्हा तुम्ही बूट काढले नव्हते. नाड्यासुद्धा सोडल्या नव्हत्या. आणि डाव्या हातानं शिडीचा दांडा घट्ट धरला होता. बाकी मुलांचे बाबा चड्डीवर पाण्यात होते."

"मग?" सीतारामरावांनी विचारलं. "मग तू उडी कशी मारलीस?"

"तुम्ही म्हणालात ना, मी आहे म्हणून. मला वाटलं, मी बुडलो तर हा माणूस बुटांसकट उडी मारेल."

ती मारली असती. एवढं खरं होतं, अगदी शंभर टक्के खरं होतं. सीतारामरावांनी त्या दिवशी उडीची पूर्ण तयारी ठेवली होती, नाड्या सोडायचंच काय ते सुचलं नव्हतं. आपल्या आत असलेली ही गोष्ट सहा वर्षांच्या पोरानं पाण्यात पडायच्या आधी ओळखली होती, आणि आपण आजवर भलत्याच पदवीला जपत बसलो. ते वाळूत बोटानं रेघा ओढत राहिले.

"मग मला इथे कशाला आणलंस?"

"स्कूबाला पोहता यावं लागत नाही, बाबा. बरोबरचा माणूस सगळा वेळ हात धरून असतो. मी आधीच विचारून ठेवलं होतं की वडिलांचा हात मी धरणार. तुम्ही मला पाण्यात घातलंत, तुम्ही स्वतः कधी आत आलाच नाहीत. आजी सांगायची ना त्या विहिरीचं. म्हटलं, एकदा तुम्हाला आतून दाखवावं कसं असतं ते." तो उठला आणि त्यानं हात पुढे केला. "तळ नाही तर नाही. कमरेइतकं तर आहे. चला."

घाबरले की सीतारामरावांची भाषा थेट भंडाऱ्याला परत जायची. पाणी घोट्याला लागलं तेव्हा ते पुणेरी बोलत होते. गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा डळमळले. कमरेला पोहोचलं तेव्हा म्हणाले, "अभ्या, कायले पाहिजे बाप्पा हे! मले नाई जमत!"

"मी आहे ना," अभय म्हणाला.

सीतारामरावांनी त्याचा हात असा आवळला की दुसऱ्या दिवशी त्यावर वळ उठले. डोळे मिटले. वाकले. आणि तोंड पाण्यात घालून डोळे उघडले.

आधी काहीच दिसलं नाही, फक्त स्वतःचा श्वास नळीतून ऐकू आला. मग वाळू दिसली, लखलखीत, उन्हाच्या जाळीची. स्वतःची दोन पावलं दिसली, आणि शेजारी अभयची दोन. चारही पावलं एकाच घडणीची, अंगठ्याशेजारचं बोट लांब असलेली. हे त्यांनी आधी कधी पाहिलंच नव्हतं. करंगळीएवढा पिवळा मासा आला, त्यानं सीतारामरावांच्या अंगठ्याला तोंड लावलं आणि तो निघून गेला. एवढ्या मोठ्या समुद्रात त्याला 'तू कुठल्या वस्तीचा' असं कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही सीतारामरावांना विचारलं नाही. बाभळीखाली बसून ऐकलेले आवाज इतक्या वर्षांनी आतून ऐकू आले. ते रडले असतील तर कळायला मार्ग नाही; काचेच्या आत खारट पाणी होतं, पण समुद्र खारटच असतो.

शालनताईंना एकच फोटो जमला. त्यात समुद्र आहे, आणि त्यात कमरेत वाकलेल्या दोन काळ्या पाठी आहेत.

ठरल्या रविवारी अनुभवकथन झालं. हॉल भरलेला होता, कारण शेवटी चहा होता. सीतारामरावांनी काही लपवलं नाही. मासळीची बोट सांगितली, भिंतीवरचं कासव सांगितलं, डिझेल सांगितलं, आणि कंपनीचे इतके मनापासून आभार मानले की श्रोते गोंधळले. मग फोटो फिरला. हिंदुरावांनी तो आडवा-उभा करून पाहिला.

"हे समुद्राच्या तळाशी आहे?"

"समुद्राच्या तळावरच उभे आहोत," सीतारामराव म्हणाले.

"मला तर भातलावणी वाटते."

"खोल किती होतं, खोब्रागडे?" विमलाबाईंनी विचारलं. शाळेत नापास होऊ घातलेल्या मुलाला विचारावं, त्याच सुरात.

"कमरेइतकं."

श्रोते एकमेकांकडे बघू लागले. सगळ्यांना शाल आठवली असणार. मागच्या रांगेत अभय अस्वस्थ होऊन उठला. पण विमलाबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"इतकी वर्षं ऐकतेय मी वर्णनं. कुणी काश्मीरला जातं, कुणी युरोपला. सगळं उत्तम असतं म्हणे. आज पहिल्यांदा कुणीतरी खरं मोजून सांगितलं." मग त्या हिंदुरावांकडे वळल्या. "शाल त्यांच्याकडेच राहू द्या. तशीही ती पाहुण्यांनी सोडलेली आहे."

एप्रिलमध्ये महापालिकेच्या तलावाची शिकाऊ बॅच सुरू झाली. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "इयत्ता?"

"पहिली लिहा," सीतारामराव म्हणाले.

बाईंनी प्रथमच मान वर केली. काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी पहिली लिहिली.

सकाळच्या बॅचला एका ओळीत बारकी पोरं उभी होती आणि त्यांच्या टोकाला सीतारामराव. पोरांनी 'आजोबा, तुम्ही आधी' म्हणून त्यांना पुढे घातलं होतं. पुण्यातली मुलं लहानपणापासूनच विनयशील. खाली हिरवं पाणी हलत होतं. सीतारामराव सवयीनं एक पाऊल मागे सरले. त्यांनी बाजूला पाहिलं.

अभय काठावर उभा होता. त्याची हिंजवडीची बस चुकणार होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, अंगात इस्त्रीचा शर्ट. पायात काळे बूट होते आणि त्यांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या. तो पट्टीचा पोहणारा होता, बूट काढायला त्याला कितीसा वेळ लागला असता? त्यानं ते मुद्दाम काढले नव्हते.

"मारा उडी, बाबा," तो म्हणाला. "मी आहे ना."

सीतारामरावांनी त्या नाड्यांकडे एकदा नीट बघून घेतलं, नाक चिमटीत धरलं आणि उडी मारली.